‘नाकारलं’ म्हणजे नेमकं काय केलं?

तुम्ही शेवटचं काही नाकारलं, तेव्हा ‘असं घडलंच नाही’ म्हणालात, की ‘हे मी करणार नाही’ म्हणालात? जरा थांबून आठवा. मराठीत आपण दोन्हींसाठी बिनदिक्कत एकच क्रियापद वापरतो. पुढारी आरोप नाकारतो आणि एखादा सरळ कारकून लाचही नाकारतो. बोलणाऱ्याची अडचण होत नाही, ऐकणाऱ्याचीही नाही. इंग्रजीत मात्र या एका क्रियापदाची दोन होतात, आणि त्यातलं चुकीचं उचललं तर काय होतं, हे मी व्याकरणाच्या पुस्तकात वाचलेलं नाही. माझ्या ताईच्या बाबतीत घडताना पाहिलं आहे.

ताई बिबवेवाडीतल्या एका खासगी रुग्णालयात नर्स आहे. तिथं सगळेच तिला सिस्टर म्हणतात, त्यामुळे ती माझी बहीण आहे हे सांगताना मला दर वेळी ‘सख्खी’ जोडावं लागतं. आम्ही राहतो खडकीत. बाबा दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले. त्यांचे वडील विदर्भातून याच कारखान्याच्या नोकरीसाठी पुण्याला आले होते. ताई रोज मेट्रोनं स्वारगेटला जाते, तिथून बसनं बिबवेवाडी. शाळा पूर्ण मराठी माध्यमाची, आणि नर्सिंगचा अभ्यासक्रम एकदम इंग्रजीत. तिनं तो जिद्दीनं पार केला. शरीराच्या प्रत्येक हाडाचं नाव तिला येतं. हाडांच्या नावात गफलत होत नाही, कारण एका हाडाला एकच नाव असतं. गफलत होते ती साध्यासुध्या क्रियापदांत.

आमच्या घरात खेळण्यांपेक्षा पत्रकं जास्त होती. बाबांची सुट्टी म्हणजे पत्रकांचे गठ्ठे. कुठं पाण्याची मागणी, कुठं वसतिगृहाचा प्रश्न, कुठं अत्याचाराचा निषेध. ते लिहायचे, आम्ही दोघी घड्या घालायचो, आणि रविवारी वंदना झाली की विहाराच्या दाराशी उभ्या राहून वाटायचो. मी वाचायला शिकले ती याच कागदांवर, शाई फुटलेल्या ओळींवर बोट ठेवून. बाबांचा एक दंडक होता. बसथांब्यावरच्या माणसाला बस येईपर्यंत वाचून होईल एवढंच लिहायचं आणि क्रियापद खणखणीत हवं. त्या पत्रकांतलं सगळ्यात जास्त वापरलेलं क्रियापद कुठलं, तर ‘आम्ही नाकारतो’.

त्या वर्षी ताई नोकरीत कायम होणार होती. आणि नेमक्या त्याच सुमारास वारज्याहून एक आजोबा तिच्या वॉर्डात दाखल झाले. मधुमेह, पायाची जखम चिघळलेली, वाणी अत्यंत शुद्ध आणि स्वभाव त्याहून तिखट. एका सकाळी ताई नाश्त्याआधीचं इन्सुलिन द्यायला गेली, तर त्यांनी हात मागे घेतला. तिनं समजावलं, पुन्हा जाऊन विनवलं. ते नाहीच म्हणाले. तिनं ड्युटीवरच्या डॉक्टरांना जाता जाता सांगितलं. ते म्हणाले, “बघतो,” आणि दुसऱ्या एका गंभीर पेशंटकडे धावले. दुपारपर्यंत आजोबांची साखर भलतीच चढली. मग धावपळ झाली आणि रुग्णालयातला त्यांचा मुक्काम वाढला. पुढं बरे होऊन, सगळ्यांना टोमणे मारून ते घरी गेले. ताईनं त्या सकाळच्या नोंदीत लिहिलं होतं, ‘पेशंट डिनाइड इन्सुलिन.’

आजोबांचा मुलगा आयटीत आहे. विम्यासाठी त्यानं कागदपत्रांच्या प्रती घेतल्या आणि हे वाक्य वाचलं. दुसऱ्या दिवशी त्याची लेखी तक्रार आली.

ताईनं तो सगळा प्रकार घरी सांगितला तो तिच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी. मी चहा गाळत होते. तिनं मोबाइलमधला नोंदीचा फोटो माझ्या नाकासमोर धरला.

“हे वाच. यात माझं काय चुकलंय?”

मी वाचलं. “तू त्यांना इन्सुलिन दिलं नाहीस?”

“अगं, त्यांनी घेतलं नाही!”

“मग त्यांना द्यायचं नाकारण्यात आलं, असं कशाला लिहिलंस?”

“मी कुठं तसं लिहिलंय? पेशंटनं इन्सुलिन नाकारलं, असं लिहिलंय.”

 माझी सख्खी बहीण, जिच्यावर माझा डोळे झाकून विश्वास, तिचं वाक्य वाचून मलाही क्षणभर तेच वाटलं होतं जे त्या मुलाला वाटलं. त्या मुलाला मी दोष कसा देणार?

मी तिला समजावलं. एखाद्यानं ‘असं नाहीच’ म्हटलं, तर इंग्रजीत ते डिनाय. एखाद्याला त्याच्या हक्काची वस्तू मिळू दिली नाही, तर तेही डिनाय. वॉर्डातल्या नोंदी घाईच्या असतात, त्यात ‘वॉज’सारखे बारके शब्द सगळेच गाळतात. मग वाचणारा ते मनात भरून घेतो. पेशंट वॉज डिनाइड इन्सुलिन. पेशंटला इन्सुलिनपासून वंचित ठेवलं. आणि ठेवलं कुणी, तर खाली जिची सही आहे तिनं.

“पण डॉक्टर रोज लिहितात,” ताई हटून बसली. “पेशंट डिनाइज चेस्ट पेन. पेशंट डिनाइज फीवर. त्यांच्याच कागदावरून शिकले मी. पेशंट नाही म्हणाला की डिनाइज. आजोबाही नाहीच म्हणाले ना?”

“छातीत दुखतंय का विचारल्यावर ‘नाही’ म्हणणं वेगळं. तिथं तो म्हणतोय, दुखणं नाहीच. आजोबा थोडेच म्हणाले, की इन्सुलिन म्हणून काही नसतंच?”

“म्हणालेही असते,” ताई म्हणाली. “तू त्यांना ओळखत नाहीस.”

मला हसू आलं, पण ती हसत नव्हती. मग तिनं पुढचं सांगितलं. मेट्रन मॅडमनी तिला एक कागद दिला होता, फक्त सहीसाठी. त्यात लिहिलं होतं की ती इंजेक्शन द्यायला विसरली आणि त्याबद्दल माफी मागते. मॅडम दुष्टाव्यानं बोलल्या नव्हत्या. “सही कर, समज देऊन सोडतील, प्रकरण मिटेल,” एवढंच म्हणाल्या होत्या. सही केली नाही, तर मंगळवारी चौकशी. चौकशीत काय होईल याची खात्री कुणालाच नव्हती, कारण ड्युटीवरचे डॉक्टर म्हणत होते, मला असं कुणी सांगितल्याचं आठवत नाही. आणि सही केली, तर नोकरी बहुतेक टिकेल, पण पुढं कुठंही गेली तरी ‘पेशंटचा डोस विसरलेली नर्स’ हा शिक्का बरोबर जाईल.

“हे डॉक्टरांनी केलं ना, ते डिनाय,” मी म्हटलं. “आणि आजोबांनी केलं ते रिफ्यूज.”

“आणि मी काय करू?” ताईनं विचारलं.

बाबा खिडकीशी बसून पेपर वाचत होते, म्हणजे पेपर धरून ऐकत होते. ते म्हणाले, “कारखान्यात चौकशी लागली की पहिला प्रश्न असायचा, आरोप कबूल की नाकबूल? तुझं ते डिनाय म्हणजे नाकबूल. आणि रिफ्यूज म्हणजे नकार. मराठीतही दोन आहेत की. आपणच आळसानं एकावर भागवतो.”

मग पेपर खाली ठेवून त्यांनी मला विचारलं, “आम्ही जन्मभर पत्रकांत ‘नाकारतो, नाकारतो’ लिहिलं. ते काय होतं मग? तुझ्या हिशेबानं सांग.”

मी मनात हिशेब मांडला. आमच्या आजोबांच्या पिढीनं छप्पन साली जुना धर्म सोडला. आम्ही घरात नेहमी म्हणतो, त्यांनी जात नाकारली. पण म्हणजे काय केलं त्यांनी? जात नव्हतीच, आपल्यावर काही झालंच नाही, असं ते कधीही म्हणाले नाहीत. उलट जे झालं ते त्यांनी कानाकोपऱ्यात सांगितलं. त्यांनी एवढंच म्हटलं की यापुढं आम्ही असे जगणार नाही. ज्यांनी ते सगळं केलं, त्यांचे वारस मात्र आजही सांगतात की तसं काही नव्हतंच. नाकारलं दोघांनीही. वाक्य एकच आणि माणसं समोरासमोर उभी. इतकी वर्षं तो शब्द मी घड्या घालून वाटला होता आणि त्यात दोन शब्द राहतात हे मला त्या सकाळी पहिल्यांदा दिसलं.

“रिफ्यूज,” मी म्हटलं.

“ठीक,” बाबा म्हणाले आणि पेपर पुन्हा वर केला.

मला मात्र आता राहवेना. दुपारपर्यंत मी एक पत्रक लिहून काढलं. पहिलीच ओळ होती, ‘रुग्ण मराठी, नर्स मराठी, दुखणं घरचं, मग नोंद इंग्रजीत का?’ ती ओळ मी आजही मागं घेत नाही. ज्या भाषेत पेशंट कण्हतो, त्या भाषेत त्याचं कण्हणं लिहून ठेवायला कुणाची परवानगी लागावी? आणि जी मुलगी तेच कण्हणं अचूक ऐकते, समजते, त्यावर धावून जाते, तिची लायकी तिच्या क्रियापदावरून का ठरावी? मी हे सगळं लिहिलं आणि ताईला मोठ्यानं वाचून दाखवलं.

तिनं शेवटपर्यंत ऐकलं. “छान आहे. हे वाचून मेट्रन मॅडमना माझं नाव कायमचं लक्षात राहील.”

“मग?”

“चांगल्या कारणानं नाही. पत्रक तू नंतर काढ गं. मंगळवारी मला त्यांच्यासमोर बसायचंय. मला आत्ता त्या दोन शब्दांतला फरक पक्का करून दे.”

तर आम्ही फरक पक्का करायला बसलो. मी वाक्य सांगायचं, तिनं शब्द सांगायचा.

“नवऱ्या मुलानं हुंडा नाकारला.”

“रिफ्यूज.”

“हुंडा मागितल्याचं मुलाच्या वडिलांनी नाकारलं.”

“डिनाय.” ती जरा थांबली. “म्हणजे रिफ्यूज करणारा चांगला आणि डिनाय करणारा खोटारडा.”

“तसं नाही. खरं बोलणाराही डिनाय करतो. तू चोरी केली नसशील आणि कुणी आळ घेतला, तर तू डिनायच करशील. शब्दाला खरंखोटं कळत नाही. तो फक्त एवढंच सांगतो, की बोलणं झालेल्या गोष्टीबद्दल आहे की आपण काय करणार नाही त्याबद्दल.”

“रिक्षावाला यायला नाही म्हणाला?”

“तूच सांग.”

“रिफ्यूज. आणि मग पोलिसाला म्हणाला, मी कुठं नाही म्हणालो? डिनाय.”

“पुण्यात तो दोन्ही करतो,” बाबा पेपराआडून म्हणाले.

फरक असा हळूहळू बसत गेला. मग मी तिच्याकडून तिला आलेलं चौकशीचं पत्र मागून घेतलं. मेट्रन मॅडमनी लिहिलेलं, इंग्रजीत. ते वाचता वाचता मी अक्षरशः उडी मारली. त्यात लिहिलं होतं, ‘वी डाउट दॅट यू वेअर निग्लिजंट.’

“ताई! त्यांनी काय लिहिलंय बघ!”

“तुम्ही हलगर्जीपणा केला अशी आम्हाला शंका आहे. माहीत आहे मला.”

“तो अर्थ मराठीत! मराठीत शंका आहे म्हणजे वाटतंय, संशय येतोय. इंग्रजीत ‘आय डाउट’ म्हणजे मला तसं वाटत नाही. संशय असेल तर तिथं सस्पेक्ट लागतं. यांनी लेखी दिलंय की तुम्ही हलगर्जीपणा केला असेल असं आम्हाला वाटत नाही. संपलं! मंगळवारी हेच काढ. म्हणावं, मॅडम, तुमच्याच पत्रानुसार मी निर्दोष आहे. बघू कशा हसतात माझ्या बहिणीच्या इंग्रजीला.”

 ताईनं पत्र माझ्या हातातून घेतलं, घडी घातली.

“त्यांना काय म्हणायचंय ते मला कळलं होतं की नाही?”

“कळलं होतं.”

“मग कळलेलं असताना न कळल्याचं सोंग करू? मला काय म्हणायचं होतं, ते त्यांनी समजून घ्यावं, म्हणून मी तिथं चाललेय. आणि मी जाऊन त्यांच्याबाबतीत तेच करू?”

मी त्या पत्राचा नाद सोडला. शिवाय ती थोरली आहे.

मंगळवारी दुपारी तिच्याबरोबर मी गेले. मेट्रन मॅडमनी मला पाहून विचारलं, “ह्या कोण?”

“बहीण.”

“बसू देत. पण बोलायचं नाही हं.” त्यांनी मला पहिल्यांदाच पाहिलं होतं, तरी ही अट त्यांना कशी सुचली, कोण जाणे.

समोर आजोबांचा मुलगा बसला होता. चाळिशीचा, पाठपिशवी मांडीवर, डोळे जागरणानं लाल. रागावलेला होता, पण आवाज चढवत नव्हता. “सिस्टर, माझा तुमच्यावर पर्सनल राग नाही. बाबांची साखर कुठं गेली होती त्या दिवशी, तुम्हाला माहीत आहे. आणि हे तुम्हीच लिहिलंय. तुमच्याच अक्षरात.”

“हो,” ताई म्हणाली. “मीच लिहिलंय. शब्द चुकला. ते मी नाकबूल करत नाही.”

मेट्रन मॅडमनी सुटकेचा श्वास टाकला आणि माफीचा कागद पुढं सरकवला. “मग कर सही. मिटलं.”

“शब्द चुकला असं लिहा, आत्ता करते. इंजेक्शन द्यायला विसरले, यावर सही करायला माझा नकार आहे.”

दोन्ही शब्द आपापल्या जागी होते. 

“अगं, शब्द चुकला म्हणजे काय?” मॅडम म्हणाल्या. “पेशंटनं नाकारलं म्हणजे डिनाइडच ना?” आणि मग त्यांनी त्या मुलाकडे पाहिलं. तो ‘नाही’ अशी मान हलवत होता.

“रिफ्यूज्ड,” तो सावकाश म्हणाला. “बाबांनी घेतलं नाही, असं म्हणायचंय तुम्हाला?” त्यानं मोबाइलवर नोंदीचा फोटो काढून पुन्हा वाचला. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकलं, पण तो लगेच सावरला. “ठीक आहे. पण हे आता कुणीही म्हणेल. त्यांनी घेतलं नाही हे मी कशावरून मानू? डॉक्टर तर म्हणतात, त्यांना आठवत नाही. आणि साखर चढल्यामुळं बाबांनाही त्या सकाळचं काही आठवत नाही.”

 मग त्यानंच विचारलं, “ते नेमकं काय म्हणाले? मराठीत. आठवतंय तुम्हाला?”

ताईनं मेट्रन मॅडमकडे पाहिलं. “आठवतंय. पण राग मानू नका.”

“सांगा तर.”

“म्हणाले, ‘अहो सिस्टर, चाळण झालीये माझी. आणखी एक भोक पाडून काय गाळणार आहात? आणि जाताना हा उपमाही न्या. एखाद्या शत्रूला लागेल.’”

 मुलानं मान खाली घातली. मला वाटलं, चिडला. मग त्याचे खांदे हलायला लागले. हसत होता. हसता हसता त्यानं चष्मा काढून डोळे पुसले.

“हे बाबाच,” तो म्हणाला. “चाळण माझ्या बायकोला रोज ऐकवतात.”

“रोज ऐकवतात, पण घेतात ना?” मेट्रन मॅडम कोरडेपणानं म्हणाल्या. “त्या दिवशी घेतलं नाही, हे त्यावरून कसं ठरणार?” आपल्याच नर्सविरुद्ध त्या मुद्दा मांडत होत्या, पण मुद्दा बरोबर होता.

“चाळणीवरून नाही ठरणार,” तो म्हणाला. “उपम्यावरून ठरेल.” त्यानं मांडीवरची पाठपिशवी खाली ठेवली. “त्या सकाळी बाबांचा फोन आला होता मला. मी मीटिंगमध्ये होतो. उपम्याला नावं ठेवत होते. शत्रूबित्रू काहीतरी म्हणाले. आणि शेवटी म्हणाले, ‘सगळं परत पाठवलंय.’ मी हो हो केलं आणि फोन ठेवला. मला वाटलं, सगळं म्हणजे नाश्ता.”

“आणि इंजेक्शन,” ताई म्हणाली.

“आणि इंजेक्शन,” तो म्हणाला.

माफीचा तो कागद मेट्रन मॅडमनी उचलला आणि स्वतःच्या फायलीत घातला. दुसरा कागद घेऊन त्यांनी मराठीत लिहिलं की नोंदीतला शब्द चुकला होता, सेवेत कसूर झालेली नाही. ताईनं वाचलं आणि सही केली. मुलानं तक्रार मागं घेतली, पण एक मुद्दा सोडला नाही. पेशंटनं औषध घेतलं नाही हे डॉक्टरांना जाता जाता सांगून कसं चालेल, ते लेखी कळायला हवं, असं तो म्हणाला. ताईलाही ते पटलं. मला तर ते इतकं पटलं की मी बोलणारच होते, पण मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.

तो गेल्यावर मॅडमनी ताईला विचारलं, “असे आणखी शब्द आहेत का गं? सगळ्या मुली हेच लिहितात. मी स्वतः लिहिलंय.”

“आहेत, मॅडम. मी एकदा डॉक्टरांना ‘प्लीज रिमेंबर मी टुमॉरो’ म्हणाले होते.”

“म्हणजे उद्या आठवण करा, असं?”

“मला ‘करून द्या’ म्हणायचं होतं. रिमाइंड. ते म्हणाले, सिस्टर, उद्या का, तुम्हाला आम्ही नेहमीच आठवू.”

मॅडम पहिल्यांदा हसल्या. मग ताई जरा घुटमळली. “आणि एक आहे. पण तो तुमच्या पत्रात आहे.”

तिनं डाउटचा अर्थ सांगितला. हळू आवाजात, दार लोटून घेऊन. मेट्रन मॅडमनी स्वतःचं पत्र पुन्हा वाचलं, चष्मा वर केला, खाली केला.

“म्हणजे मी तुला पहिल्याच दिवशी निर्दोष सोडलं होतं?”

“तसंच झालं, मॅडम.”

“मग आज इथं सगळ्यांचा वेळ कशाला घेतलास?”

पुढच्याच आठवड्यात वॉर्डात नवी पद्धत सुरू झाली. पेशंटनं औषध घ्यायला, जेवायला किंवा तपासणीला नाही म्हटलं की ‘रिफ्यूज्ड’ लिहायचं, आणि त्याच्या खाली पेशंटचं वाक्य, त्याच्याच तोंडचं, त्याच्याच भाषेत. देवनागरी चालेल. आणि डॉक्टरांनी ते वाचून तिथं सही करायची. डॉक्टर सुरुवातीला कुरकुरले. मग ते वाचू लागले. ताई सांगते की आता राउंडच्या आधी डॉक्टर ती वाक्यं शोधून वाचतात. कुणी म्हणालेलं असतं, ‘आत्ता नगं, पोरगं आल्यावर.’ म्हणजे बाई औषधाला नाही म्हणत नाहीये, ती एकटी आहे आणि घाबरली आहे. एक काका म्हणाले होते, ‘कालच्या गोळीनं गरगरलं.’ नुसतं रिफ्यूज्ड लिहिलं असतं, तर ती गोळी पुन्हा त्यांच्या ताटात आली असती. त्या वाक्यामुळं ती बदलली. एवढं एक वाक्य, ते बोललं गेलं त्याच भाषेत लिहिलं, म्हणून.

ताई कायम झाली. त्या दिवशी ती पेढे घेऊन घरी आली, तेव्हा बाबांनी तिला गंभीरपणे विचारलं, “घेऊ का? मला साखर आहे.” ती म्हणाली, “नाकारा.” बाबांनी विचारलं, “कुठल्या अर्थानं?” आणि अर्धा पेढा तोंडात टाकला.

इंग्रजी यावं, नीट यावं, दोन शब्दांतला फरक कळावा, याच्या मी आता पूर्वीपेक्षा जास्त बाजूची आहे. आमच्यासारख्या घरांना ती भाषा कुणी ताटात वाढलेली नाही, ती आम्ही मिळवली आहे आणि ती आम्ही अचूकपणे वापरू. पण अचूकपणा म्हणजे चूक सापडताच माणसाला पकडणं, असं मला कुणी शिकवू नये. ताईला इंग्रजीनं वाचवलं नाही आणि इंग्रजीच्या निषेधानंही वाचवलं नाही. समोरच्या माणसाला एक साधा प्रश्न विचारावासा वाटला, म्हणून ती वाचली. तो तिच्यावर रागावलेला होता, त्याचं इंग्रजी तिच्याहून चांगलं होतं, कागद त्याच्या बाजूनं होता, आणि तरीही त्यानं विचारलं. असं विचारणारी माणसं या शहरात आहेत, हे मी त्या खोलीत गप्प बसून शिकले.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे आणि ते नुसतं वाचून बाजूला ठेवू नका. तुमच्या कार्यालयात, वर्गात, बँकेच्या खिडकीशी, रुग्णालयात कुणी इंग्रजीतला चुकीचा शब्द वापरला, तर हसण्याआधी आणि तक्रार करण्याआधी त्याला विचारा, “तुम्हाला मराठीत काय म्हणायचं होतं?” मराठी त्याची नसेल, तर त्याच्या भाषेत विचारा. आणि तुमचं कुणी माणूस आज कुठल्या वॉर्डात असेल, तर संध्याकाळी भेटायला जाल तेव्हा सिस्टरना विनंती करा, की हे जेव्हा ‘नको’ म्हणतील, तेव्हा यांचं वाक्य जसंच्या तसं, यांच्याच भाषेत लिहून ठेवा.